लिफ्ट केलेल्या जिम्नीला 235 चे टायर: कंपनीची रिम ठेवावी की बदलावी?

घाटपायथा
मारुतीच्या जिम्नीला दोन इंची लिफ्ट केली, म्हणजे उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचलली, की पाठोपाठ टायरचा प्रश्न येतो, आणि टायरची चौकशी करायला गेलं की दुकानदार हळूच रिमचं कॅटलॉग पुढे सरकवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. टायर मोठे घाला, पण रिम कंपनीचीच ठेवा.

लिफ्ट केली म्हणजे गाडी आता कुठेच घासणार नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, आणि त्याच्या मधोमध डिफ, म्हणजे डिफरन्शियलचा गोळा. स्प्रिंग उंच केल्या की चासी आणि बॉडी वर जाते, डिफ मात्र होता तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरचा व्यास वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. कंपनीचा 195/80 आर15 (रुंदी 195 मिमी, बाजूची उंची तिच्या 80 टक्के, रिम 15 इंची) म्हणजे व्यास 693 मिमी. 235/75 आर15 म्हणजे साधारण 733 मिमी. वाढलेल्या 40 मिमीपैकी निम्मे, म्हणजे 20 मिमी, डिफखाली मिळतात. कागदावर किरकोळ दिसतं, पण चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर डिफ घासत जाणं आणि न लागता निघून जाणं यातला फरक तेवढाच असतो.

आता रिम. कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि तिची हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर, मिमीत) अधिक 5. तो उणे झाला की चाक बाहेर सरकतं. बाजारात तिच्या जागी गळ्यात मारतात ती सात इंची, बहुतेकदा उणे ऑफसेटची. उणे 10 धरा. चाकाची मध्यरेषा 15 मिमी बाहेर गेली आणि रिमची बाहेरची कड तब्बल 34 मिमी. तोच टायर आता स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर बंपरच्या कोपऱ्याला घासतो, चिखल थेट दारांवर उडतो, आणि किंगपिनच्या (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगवर जोर वाढतो तो वेगळाच. जिम्नीचं स्टेअरिंग थरथरण्याची तक्रार आधीच जुनी आहे, तिला कशाला खतपाणी घालायचं?

टॉर्करेंच
ऑफसेटबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुम्ही सोयीचं तेवढंच बोललात. टायर कंपन्यांचे तक्ते उघडून बघा. 235/75 आर15 साठी रिमची रुंदी सहा इंचांपासून पुढे दिलेली असते. साडेपाच त्यात बसतच नाही. 215/75 आर15 ला मात्र साडेपाच चालते. म्हणजे तुमची 'कंपनीची रिम' आणि तुमचा 235 यांची जोडी टायर बनवणाऱ्यालाच मान्य नाही.

आणि मिळवता काय? टायरवर लिहिलेली 235 मिमी रुंदी साडेसहा इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की रुंदी साधारण 5 मिमीने घटते. साडेपाचवर तो टायर 225 च्या आसपासच भरेल. दोन्ही बीड (टायरच्या रिमला धरणाऱ्या कडा) जवळ ओढले गेल्यामुळे ट्रेड (जमिनीला टेकणारा नक्षीचा पट्टा) मधून फुगतो आणि मधलाच पट्टा झिजतो. वळणावर साइडवॉल (टायरची बाजू) डुलते ते निराळंच. 235 चे पैसे मोजायचे आणि निम्मा ट्रेड जमिनीला टेकवायचा, हा हिशेब मला तरी पटत नाही.

घाटपायथा
निम्मा ट्रेड ही अतिशयोक्ती झाली राव. खडूची परीक्षा करा. ट्रेडवर आडवी जाड रेघ ओढायची, सपाट डांबरावर सरळ थोडं अंतर गाडी न्यायची आणि उतरून बघायचं. फक्त मधला खडू पुसला गेला असेल तर हवा जास्त आहे, दोन-दोन पीएसआय काढत जा. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली की झालं.

जिम्नी बाराशे किलोची गाडी आहे, पूर्ण भरली तरी दीड टनाच्या आसपास. मूळ टायरचा भार-निर्देशांक 96, म्हणजे एका टायरला 710 किलो. 235/75 ला सर्रास 105 असतो, म्हणजे 925 किलो. या टायरला ही गाडी जाणवतसुद्धा नाही, मग कमी हवेत चालवायला अडचण कसली? उलट वाळूत पंधरा पीएसआयवर उतरलो की अरुंद रिमच बीड घट्ट धरून ठेवते. रुंद रिमवरून टायर निसटलेले मी पाहिलेत.

समृद्धीवाला
वाळू ठीक आहे हो, पण जैसलमेरला जाऊन परत यायचं ते रस्त्यानेच ना? आमची जिम्नी महिन्यातून एकदा मुंबई-नागपूर करते. उन्हाळ्यात समृद्धीचं काँक्रीट तापलेलं, तासन्तास एकच वेग, अशा वेळी हवा कमी असलेल्या टायरची साइडवॉल सतत दुमडते आणि टायर आतून गरम होतो. खडूची परीक्षा घाटाच्या पायथ्याशी तीस-चाळीसच्या वेगाला ठीक, शंभरला तिचा काय उपयोग? फुगीर मध्य झाकायला हवा कमी करायची आणि त्याच हवेत महामार्गावर जायचं, ही सगळ्यात वाईट जोडी.

शिवाय इंजिनचं काय? 1.5 लिटर, 134 न्यूटन-मीटर. व्यास पावणेसहा टक्क्यांनी वाढला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. कसाऱ्याला चार माणसं आणि सामान घेऊन चढताना एक गिअर खाली उतरावंच लागतं. चार गिअरच्या ऑटोमॅटिकवाल्यांचे हाल तर विचारू नका. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा चाकं मूळ टायरच्या हिशेबापेक्षा पावणेपाच किलोमीटर जास्त वेगाने पळत असतात. ओडोमीटरही तितकाच मागे राहतो, म्हणून 'टायर बदलले आणि मायलेज ढासळलं' असं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांनी ही दुरुस्ती केलेलीच नसते. मायलेज पडतं हे खरं, पण सांगतात तितकं नाही.

कोकणीचिखल
तुम्ही सगळे 235 पासूनच का सुरू करता? लाल मातीच्या चिखलात पावसाळ्यात रुंद टायर वरच्यावर तरंगतो आणि पोटात चिखल भरला की गुळगुळीत होऊन बसतो. अरुंद टायर खाली कापत जातो, त्याला टणक जमीन सापडते. इथल्या बागायतदारांच्या जुन्या जिप्सी बारीक टायरांवर वर्षानुवर्षं चालल्या. 215/75 चांगल्या एटी (ऑल-टेरेन, रस्ता आणि कच्चा मार्ग दोन्हींसाठीच्या) नक्षीत घ्या, कंपनीच्या रिमवर बिनतक्रार बसतो. डिफखाली पाचच मिमी वाढतात, मान्य. पण पकड नक्षीतून येते, आकड्यातून नाही.

माझा खरा राग लिफ्टवर आहे. अखंड ॲक्सलची गाडी दोन इंच उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा दांडा) ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो. मग स्टेअरिंग सरळ राहायला मागत नाही, वळणानंतर आपणहून मध्यावर येत नाही. त्यासाठी कॅस्टरचे बुश बदलायचे, ॲडजस्टेबल पॅनहार्ड घालायचा, ब्रेकचे होज पुरतात का ते पाहायचं. हे काहीच न करता वर जड टायर घातले की थरथर सुरू, आणि दोष टायरला.

टॉर्करेंच
कोकणीचिखल, हा मुद्दा सोन्यासारखा. लिफ्ट करून देणाऱ्याला 'कॅस्टर किती उरला?' एवढंच विचारा. अलाइनमेंटचा छापील कागद दाखवला तर ठीक, नाहीतर दुसरं दुकान. तरीही 235 हवाच असेल तर सहा किंवा साडेसहा इंची रिम घ्या, ऑफसेट शून्याच्या जवळचा, म्हणजे चाक जागच्या जागी राहील. मधलं भोक हबवर नीट बसतं का तेही बघा. 5 बाय 139.7 (पाच बोल्ट, 139.7 मिमीच्या वर्तुळावर) जुळलं म्हणून रिम जुळली असं होत नाही. आणि कंपनीच्या रिमला स्पेसर (रिम आणि हब यांमधली जाड चकती) लावणं हा उपाय तर कुणी सुचवूच नका.

आरटीओचीपायरी
रिमवर एवढं भांडताय, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कुणीच काढलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करता येणार नाही असं ठणकावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिफ्ट धरून मोजा. 'वरच्या व्हेरियंटची साइज आहे साहेब' ही थारवाल्यांची पळवाट जिम्नीत नाही, कारण झीटा असो वा अल्फा, दोन्हींना 195/80 आर15 च. रस्त्यावर कुणी टायर मोजत नाही हे मलाही माहीत आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मात्र मोजतो.

घाटपायथा
कायद्यावर वाद घालत नाही, तो ज्याने त्याने आपापला तोलावा. समृद्धीवाले, तुमचा वापर निराळा आहे. महिन्याला मुंबई-नागपूर असेल तर मीही 215 च सांगेन. माझी गाडी शनिवार-रविवारी डोंगरात आणि एरवी पार्किंगमध्ये असते. रिमच्या तक्त्याचा मुद्दा टॉर्करेंच बरोबर मांडतात, पण सात इंची उणे ऑफसेटपेक्षा अर्धा इंच अरुंद रिमचा धोका मला कमी वाटतो. साडेसहा इंची, शून्य ऑफसेटची, हबवर नेमकी बसणारी रिम इथल्या दुकानात दाखवा, मी मत बदलतो.

समृद्धीवाला
दुकानं पालथी घालण्याआधी एक सांगा. स्टेपनी कोणती? मागच्या दारावर 235 चढवला तर बिजागरावर वजन वाढतं, काही महिन्यांनी दार खडखडायला लागतं. 195 च ठेवली तर पंक्चर झाल्यावर एका चाकाचा व्यास 40 मिमीने कमी. तसं टू-व्हीलमध्ये घरी पोचाल, पण त्या चाकासह फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावला की पुढच्या-मागच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि सगळा ताण पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. नेमकं पंक्चर होतं तिथेच फोर-एच लागतो ना?

घाटपायथा
पाच टायर, पाचही 235. बिजागराला आधाराची पट्टी मारून घेतली आहे. आणि हो, तीही 182ए मध्ये मोजा, आरटीओसाहेब.