पेई प्लॅनचं मॉडेल: नवंकोरं करायचं की आहे तसं राखायचं?

रेघोटी:
अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीने १९६४ साली वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांच्याकडून शहराच्या मध्यभागाचा पुनर्विकास आराखडा करून घेतला. शहर वसलं १८८९ मध्ये, त्यामुळे शंभरीपर्यंत, म्हणजे १९८९ ला ते कसं दिसेल, हे लोकांच्या गळी उतरवायला मोठं मॉडेल बनवलं. पुढे शेकडो इमारती पाडल्या. ठरलेला गॅलेरिया मॉल मात्र झालाच नाही. मॉडेल टिकलं, आणि बऱ्याच वर्षांनी दुरुस्त करून पुन्हा मांडलं गेलं.

माझं मत: अशी मॉडेलं जपावीतच, पण चकचकीत करू नयेत. पडझड थांबवा, सुटलेलं चिकटवा, बस्स. पिवळेपणा, झिजलेल्या कडा राहू द्या. ते दस्तऐवज आहे, वय दिसलंच पाहिजे.

दगडफूल:
अजिबात पटलं नाही. या मॉडेलचं कामच भुरळ घालण्याचं होतं. मळकी झाडं आणि वाकडे मनोरे बघून आजचा माणूस म्हणेल, 'याला कोण भुललं असेल?' आणि लोक खरोखर भुलले होते! मॉडेल आपण वरून बघतो. फूटपाथवरून चालणाऱ्याला ती जागा कशी वाटेल, हा प्रश्नच तिथे डोक्यात येत नाही. ही जादू कळायला ते पहिल्या दिवशी होतं तसंच दिसायला हवं.

चौथा_मजला:
मुळात पैसे यावरच का घालायचे? बिल्टमोर हॉटेल १९३२ चं, १९७७ मध्ये सुरुंग लावून पाडलं. क्रायटेरियन थिएटर १९७३ मध्येच गेलं. ज्यांची दुकानं, बिऱ्हाडं उठली त्यांचे फोटो आणि आठवणी आधी गोळा करा. पाडणाऱ्यांची बाजू मांडणारी वस्तू जपायला सगळे पुढे, आणि जे पाडलं त्याचं काय?

सुतारपक्षी:
मॉडेलं बनवण्यात आयुष्य गेलं, म्हणून सामानाबद्दल बोलतो. त्या काळातल्या मॉडेलांत ॲक्रिलिक (काचेसारखं प्लास्टिक), बाल्सा (अगदी हलकं लाकूड), कॉर्क, स्पंज असतो. ॲक्रिलिकवर कुणी काच पुसायचं अमोनियावालं द्रव किंवा स्पिरिट फिरवलं, की आत बारीक चिरांचं जाळं पडतं. ते पुन्हा जात नाही. सेल्युलोज ॲसिटेट हे दुसरं प्लास्टिक असेल तर ते वाकतं आणि व्हिनेगरसारखा वास मारतं, ते भाग वेगळे ठेवावे लागतात. म्हणून आधी मऊ ब्रश आणि अगदी कमी ओढीचा व्हॅक्यूम. सुटलेला ठोकळा जुन्या फोटोशी ताडल्याशिवाय चिकटवायचा नाही. नवा घातलाच तर त्याच्या बुडाला तारीख टाकायची.

दगडफूल, पिवळं पडलेलं प्लास्टिक घासून पांढरं होत नाही, ते बदलावंच लागतं. तुम्ही म्हणता तितकं बदललं तर मूळ मॉडेल उरेल किती?

दगडफूल:
हे मान्य. मग मूळ हात न लावता ठेवा आणि शेजारी नवी प्रतिकृती करा. पण लोकांना ती भुरळ दिसलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

रेघोटी:
चौथा मजला, तुमचा राग रास्त आहे. पण मॉडेल फेकून दिलं तर शहराला काय दाखवून पाडापाडी केली, याचा मोठा पुरावाच जाईल.

सॅन फ्रान्सिस्कोचं लाकडी मॉडेल बघा. १९३८ ते १९४० दरम्यान सरकारी रोजगार योजनेत बनलेलं, ३७ बाय ४१ फूट. २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी त्याचे तुकडे साफ केले आणि २०१९ मध्ये ज्या भागाचा तुकडा, त्याच भागातल्या वाचनालयात मांडला. लोकांना आपली गल्ली शोधता आली, कारण त्यात असलेलं शहर होतं. पेईंच्या मॉडेलात होणारं शहर आहे, तिथे पाडलेलं दुकान कुठे शोधणार? म्हणून प्रतिकृतीपेक्षा मला वाटतं, शेजारी त्याच स्केलमध्ये पाडलेल्या इमारतींचे साधे लाकडी ठोकळे ठेवावेत, प्रत्येकावर नाव आणि पाडल्याचं साल.

चौथा_मजला:
असं असेल तर माझा विरोध निम्मा संपला. पण क्रम हाच हवा: आधी ते ठोकळे, मग मॉडेलची डागडुजी. उलटं केलं की ठोकळ्यांपर्यंत पैसे पोचत नाहीत.

सुतारपक्षी:
ठोकळ्यांना घाई नाही, ते कधीही कापता येतात. ठिसूळ झालेला गोंद मात्र थांबत नाही. आणि १९८८ मध्ये उघडलेली मायरियड गार्डन्स ही शहराच्या मध्यभागातली बाग त्याच आराखड्यातून आली, तीही मांडणीत दिसू द्या.