वाढत्या कासविणीसाठी किती मोठी टाकी घ्यावी?

नमस्कार. टिळकवाडी, बेळगाव येथील आमच्या घरी पाळलेल्या रेड इअर्ड स्लायडर जातीच्या कासविणीचे कवच आता 11 सेंटिमीटर लांब झाले असून, 2 फुटी टाकीत वळताना तिची नखे सतत काचेवर घासतात. कवचाच्या दर इंचामागे सुमारे 38 लिटर पाणी, या प्रचलित हिशेबाने आज 165 लिटर पुरतील. परंतु या जातीची मादी 25 सेंटिमीटरपर्यंत सहज वाढते, म्हणजे पुढे 375 लिटर लागतील. नुसत्या पाण्याचेच वजन तेवढे किलो, आणि आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर! तेव्हा आत्ताच 5 फुटी काचेची टाकी करून घ्यावी, की खाली अंगणात सिमेंटचा हौद बांधावा? आपल्याकडचा पावसाळी गारठा तिला हौदात सोसेल का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.