अनुभव धागा: सायकलची फ्रेम तुमच्या अंगाला बसली का?

नमस्कार मंडळी, थंडी पडली की आमच्या जळगावात मेहरूण तलावाकडे सकाळी नव्या कोऱ्या सायकली दिसायला लागतात आणि कितीतरी जणांचे खांदे पार कानाला टेकलेले असतात, बघून जीव कळवळतो. म्हणून हा धागा, सुरुवात मीच करतो.

मी आणि धाकटा भाऊ दोघं 5 फूट 8 इंच. दुकानदाराने फक्त उंची विचारली आणि दोघांना 56 ची (म्हणजे 56 सेंटीमीटर फ्रेमची) रोड बाईक काढून दिली. एरंडोलपर्यंत जाईस्तोवर भावाची मान धरली, करंगळ्या बधिर, आणि मी जिथे थांबून उतरलो तिथे वरची नळी थेट जांघेत. घरी आल्यावर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, जाड वही दोन्ही पायांच्या मधे वर घट्ट दाबून धरली आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. माझं 77 सेंटीमीटर, त्याचं 83! उंची तीच, पण माझं धड लांब आणि त्याचे पाय लांब. रोड बाईकचा ढोबळ हिशोब म्हणजे हे माप गुणिले 0.67, म्हणजे मला 52 च्या आसपास, त्याला 55-56. तरी त्याला 56 लांबच पडत होती कारण धड आखूड, तो 54 वर सीट वर काढून सुखी झाला. मला 52 वर थोडा लांब स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) टाकावा लागला. माझं मत विचाराल तर हँडलपर्यंतचं अंतर आधी बघा, सीट वर-खाली होते, नळी काही लांब-आखूड होत नाही.

रावेरहून
बरोबर बोलले भो. घरात वडिलांची काळी 24 इंची फ्रेमची सायकल होती, तिच्यावर आम्ही कैची शिकलो, नळीच्या खालून पाय घालून, कारण सीटवर बसलं की पायडल पुरायचंच नाही. मोठेपणीही मी तीच ओढत राहिलो, केळीच्या बागेत जायचं यायचं, आणि संध्याकाळी कंबर वाकडी. 22 इंची घेतली तेव्हा कळलं की दुखणं शेतीचं नव्हतं. अजून एक, दुकानात "26 ची द्या" म्हणतात ते चाकाचं माप, फ्रेमचं नाही. त्याच चाकात छोटी फ्रेमही येते आणि मोठीही, वेगळं विचारा.

अमळनेरहून
माझी उंची 5 फूट, शाळेत सायकलवर जाते. 18 इंची फ्रेमची एमटीबी (माउंटन बाईक) गळ्यात मारली, वर "सीट खाली करून देतो ताई" म्हणून समजूत. सीट पार खाली, तरी थांबले की एका पायाचा अंगठाच काय तो जमिनीला. हँडल इतकं लांब की ब्रेकपर्यंत बोटं ताणावी लागायची, पंजाबी ड्रेसची ओढणी सांभाळू का ब्रेक? वर्षभर मनगटं दुखली. आता 15 इंची आहे, वरची नळी उतरती, उभी राहिले की मधे चार बोटं जागा उरते. बायकांनी चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कृपा करून.

नंदुरबारहून
माझं उलटं झालं, स्वस्तात मिळाली म्हणून लहान फ्रेमची जुनी घेतली आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ओढून ओढून वर काढला. त्याच्यावर एक रेघ असते, ती नळीच्या आतच राहायला पाहिजे, हे कोणी सांगितलंच नाही. तोरणमाळच्या घाटात कर्रर्र आवाज आला, बघतो तर सीटच्या पकडीपाशी फ्रेमला केसाएवढी चीर. वेल्डिंग करून वापरायची हिंमत झाली नाही. आता सीटची उंची पायाच्या मापाच्या (वर वहीने घेतलं ते) 0.883 पट ठेवतो, क्रँकच्या (पायडलचे दांडे जिथे फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंत, माझ्या 80 च्या मापाला साडेसत्तर सेंटीमीटर येते. गुडघे दुखायचे थांबले.

भुसावळहून
मोठ्यांचं झालं, मुलांचं पण लिहिते. वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी लेकाला नऊ वर्षांचा असताना 24 च्या चाकाची सायकल घेतली, दोन वर्षं चालेल म्हणून. उतारावर ब्रेक लावून थांबला पण पाय टेकले नाहीत, आडवा पडला, हनुवटीला तीन टाके. दुसऱ्या दिवशी ती सायकल शेजारच्या मोठ्या मुलाला दिली आणि 20 ची आणली. त्याने बसून आधी दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि माझ्याकडे बघितलं, ते तोंड अजून डोळ्यासमोर आहे.