मदत हवी आहे: बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारा) आहे, कोच व्हायचं तर सुरुवात कुठून करू?

डावखुरा_गार्ड
मंडळी, लवकर उत्तर हवंय. ज्या क्लबकडून खेळतो, ते १६ वर्षांखालील पोट्ट्यांचा संघ माझ्याकडे द्यायला तयार आहेत. रविवारी हो की नाही सांगायचंय. सचिव म्हणतात, ‘तू पॉइंट गार्ड, अर्धा कोच तर आहेसच.’ अमेरिकेच्या एनबीए लीगमधला पॉइंट गार्ड जेसन किड जून २०१३ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात तिथल्याच ब्रुकलिन नेट्स संघाचा कोच झाला. मग कोर्स लागतोच का? आणि दोन्ही सोबत जमतं का? एनआयएस (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग कोर्स) कर एवढंच लिहू नका, ते माहीत आहे.

रेशीमबागकर
भाऊ, दोन्ही म्हणजे काय? नोकरी आणि कोचिंग, की खेळणं आणि कोचिंग? वय? शिक्षण? पैसे देऊन राहिले की हौसेचं काम?

बर्डीवाला
तरी लिहितोच. पतियाळाचा एक वर्षाचा डिप्लोमा कर, नाहीतर सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र तरी घे. उद्या कुठे अर्ज करशील तर आधी कागद मागतात. शाळेत लागायचं असेल तर बी.पी.एड. कर, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, लांब नाही.

डावखुरा_गार्ड
वय २८, बी.कॉम. खेळणं आणि कोचिंग. सीनियर संघात पहिल्या पाचात आहे, ते सोडणार नाही. शाळेची नोकरी नकोय.

जुना_पंच
मग किडचं सोड, लेनी विल्कन्सचं बघ. १९६९ ते १९७२ एनबीएच्या सिअॅटल संघात तो खेळाडूही होता आणि कोचही. त्याच काळात एका हंगामात असिस्टमध्ये (ज्यावर बास्केट होतं असे पास देण्यात) लीगमध्ये पहिला आला, १९७१ च्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे १९७९ मध्ये सिअॅटललाच कोच म्हणून विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे दोन्ही जमतं.

नेट्स_नागपूर
काका, ते दिवस वेगळे होते. स्टीव्ह नॅशही पॉइंट गार्ड, दोनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू). २०२० मध्ये कोचिंगचा अनुभव नसताना त्याला नेट्स दिला. ड्युरंट, आयर्व्हिंगसारखे मोठे खेळाडू होते, पुढे हार्डनही आला, तरी अंतिम फेरी दिसली नाही आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचं कोचपद गेलं. किडचीही सुरुवात १० विजय, २१ पराभव अशी झाली होती. टाइमआउट संपले, म्हणून खेळ थांबावा यासाठी त्याने मुद्दाम कोर्टवर पेय सांडवलं, त्यात ५० हजार डॉलर दंड बसला.

जुना_पंच
आणि तोच हंगाम ४४-३८ असा संपवला, ते काहून सांगत नाहीस?

नेट्स_नागपूर
सांगतो ना. तरी नंतर लेकर्समध्ये सहायक म्हणून बसला, तेव्हा २०२४ ला डॅलसला अंतिम फेरीत नेऊ शकला. कुणाच्या तरी हाताखाली शिकणं लागतंच.

व्हिडिओ_वेडा
सहायक नाही, व्हिडिओ! एरिक स्पोएलस्ट्रा पोर्टलंड विद्यापीठाचा पॉइंट गार्ड, जर्मनीत खेळाडू-कोच होता. १९९५ मध्ये एनबीएच्या मायामी संघात सामन्यांचे व्हिडिओ तपासायच्या खोलीत लागला, २००८ मध्ये मुख्य कोच, २०१२ आणि २०१३ ला विजेता. मोबाइल तिपाईवर लाव, प्रत्येक सराव रेकॉर्ड कर. मी आमच्या कॉलेज संघासाठी हेच करतो.

खामल्याचा_सेंटर
सिमेंटच्या कोर्टवर खेळत असशील तर जाड रबरी सोलचे बूट घे, मऊ सोल एका मोसमात घासून जातात. आणि मे महिन्यात सराव सकाळी लवकर आटपा, नऊ वाजता कोर्टवर हात ठेववत नाही.

रेशीमबागकर
बुटांचं कोणी विचारलं भाऊ?

खामल्याचा_सेंटर
पोट्ट्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगितलं. पाय सोलले की मुलं येणंच बंद करतात.

मुलीची_आई
दादा, मी खेळाडू नाही, पण माझं ऐका. माझ्या मुलीला आधी एक फार चांगला माजी गार्ड शिकवायचा. पास चुकला की ओरडायचा, ‘ती मोकळी होती, दिसलं नाही?’ तिला खरंच दिसत नव्हतं. घरी येऊन मला विचारायची, आई, बघायचं कुठे? नंतरच्या ताईंनी पिक अँड रोल (एक खेळाडू बचावपटूची वाट अडवते, म्हणजे स्क्रीन लावते, आणि मग बास्केटकडे आत जाते) थांबवून थांबवून शिकवला: आधी स्क्रीन लावणारीचा बचावपटू बघ, तो पुढे आला तर आत जाणारीला चेंडू दे, तो मागे राहिला तर स्वतः शॉट घे. महिन्याभरात मुलगी मान वर करून ड्रिबल करायला लागली. तुम्हाला जे आपोआप दिसतं ते पोरांना टप्प्याटप्प्याने सांगता येईल का, एवढं रविवारच्या आधी स्वतःला विचारा.

डावखुरा_गार्ड
ताई, हे उपयोगी आहे. परवा दोन पोट्ट्यांना घेऊन बघतो. एक राहिलंच, स्पर्धेत सीनियर आणि १६ खालचे सामने बहुतेक एकाच दिवशी असतात, कधी एकाच वेळी.

रेशीमबागकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं रे! मग सहायक मागितल्याशिवाय हो म्हणू नको.

जुना_पंच
बरोबर. आणि पोट्टे किती, चेंडू किती, तेही सचिवांना विचार.

डावखुरा_गार्ड
पोट्टे अठरा, चेंडू चार. तेही सीनियर संघाचे.

जुना_पंच
मग अट घाल, निदान नऊ चेंडू. दोघांत एक आला तरच ताई म्हणतात तसं शिकवता येईल, नाहीतर पोट्टे रांगेतच उभे राहतील.