सांगून जावं, मागून घ्यावं : आसरा, म्हसोबा, राखणदार यांच्याशी तुमचं नातं

नमस्कार. माहेर वाई तालुक्यातलं, आता साताऱ्यात असते. घरच्या घरी साधना करते. मंत्र, तिथी, नक्षत्र पुस्तकात सापडतं. पण ज्याच्या दारात जातो त्याच्याशी वागायचं कसं, ते मला आज्जीमुळे कळलं. पाण्यातल्या साती आसरा, बांधावरचा म्हसोबा, देवराईतली वाघजाई, वारुळातला राखणदार. यांच्याशी तुमचं कसं जमलं, कुठं चुकलं, ते लिहा. कुणाचं वाईट करायचे प्रयोग, उताऱ्याचे दर, जनावराचे हाल इथं नकोत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, पण तो नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

माझ्यापासून सुरुवात करते. रविपुष्याला, म्हणजे रविवारी पुष्य नक्षत्र येतं त्या दिवशी, पांढऱ्या रुईचं मूळ काढायला गेले होते. आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू लावायचं, सुपारी-अक्षता ठेवायच्या आणि "उद्या न्यायला येते" म्हणून सांगायचं, ही आज्जीची रीत. मी सरळ जाऊन खुरपं घातलं. मूळ अर्ध्यात तुटलं आणि चीक डोळ्यापाशी उडाला. रुईचा चीक किती वाईट ते तेव्हा कळलं, चार दिवस डोळा उघडवत नव्हता. पुढच्या वेळी रीतसर आमंत्रण द्यायला गेले आणि जरा बसले. बसल्यावर दिसलं, पानोपानी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या, फुलपाखरांच्या. घर भरलेलं होतं तिचं. अक्षता ठेवल्या, पण दुसऱ्या दिवशी गेले नाही. ते मूळ आजतागायत माझ्याकडे नाही.

हरिपूर, सांगली

ताई, आमचं घर कृष्णा-वारणेच्या संगमापासून जवळ. काठावर शेंदूर लावलेले सात गोटे आहेत, त्या आमच्या आसरा. अमावस्येला आई दहीभात ठेवते. ओटी मात्र आम्ही पाण्यात सोडायचो, खण, नारळ, बांगड्या, सगळं दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही आत्याकडे मिरजेला होतो. आठवड्यानं परत येऊन दार ढकललं तर गुडघाभर गाळ. तो उपसताना काय काय निघालं म्हणून सांगू! चिंध्या, पिशव्या आणि हिरव्या बांगड्यांचे तुकडे. आई तिथंच ओट्यावर बसली. म्हणाली, "आपलीच ओटी परत केली गं बायांनी."

पूर वरच्या पावसानं आणि धरणांच्या पाण्यानं आला हे मलाही ठाऊक आहे. तरी आईचं ते वाक्य खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही. आता ओटी काठावर भरतो, नमस्कार करतो आणि ती एखाद्या बाईच्या पदरात घालतो. पाण्यात फक्त चिमूटभर हळदकुंकू. आधी आई वर्षातून दोनदा जायची, आता दर अमावस्येला जाते आणि जाताना घमेलं नेते, घाटावरचा कचरा उचलायला.

तासगावकडची द्राक्षबाग

आमचं थोडक्यात. छाटणीआधी म्हसोबाला नारळ आणि माल निघाला की पहिला घड. तात्या घड ठेवून मागं न बघता यायचे. मी मागं बघतो. बुलबुल येतात.

शिराळा

आमच्यात पंचमीला जिवंत नाग आणायचे. पकडायचा, पाव्हण्यासारखा जपायचा आणि झालं की जिथला तिथं सोडायचा. कोर्टानं १९७२ च्या वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून ते बंद केलं तेव्हा मी फार चिडलो होतो. माझ्या वडिलांचा हात नागावर बसलेला, त्यांना तर घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. गोष्ट अशी सांगतात की घरातली बाई मातीचा नाग पुजत होती आणि गोरखनाथांनी तिला जिवंत नाग पुजायला लावला. मी उलटा फिरून मातीपाशी आलो. कारण एकच. दूध हे सापाचं खाणंच नव्हे. पाव्हण्याला न पचणारं ताटात वाढायचं आणि त्याला मान म्हणायचं? आता मातीचा पुजतो आणि बांधावरच्या वारुळाला नांगर लावत नाही. गावात सगळ्यांना हे पटत नाही, त्यांचंही दुःख खरं आहे.

(धागाकर्ती : दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक विचारते सगळ्यांना, समोरून नकार आहे हे तुम्ही कसं ओळखता?)

पाटण, कोयनेकडं

ताई, तुमच्या प्रश्नावर. आमच्या देवराईतनं वाळकी काडीसुद्धा आणायची नाही. मी कॉलेजात असताना चढाला आधार म्हणून एक वाळकी फांदी उचलली, तशीच घरापर्यंत आली. आबांनी बघितलं, ओरडले नाहीत. म्हणाले, "वाघजाईची हाय ती. कुठनं उचललीस ती जागा आठवतीय का?" मला आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेलो. पालापाचोळ्यात फांदीएवढा लांब ओला पट्टा उघडा पडला होता, पांढरी बुरशी आणि मुंग्यांची धावपळ. आबांनी फांदी बरोबर त्या पट्ट्यावर टेकवली, वरनं पाला सारला आणि म्हणाले, "पोरगं नवं हाय, आई." मग तिथंच बसून राहिले. किती वेळ बसायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मुंग्या परत आत जाईस्तवर."