दोन विमानं जवळ आली की टॉवरमधल्या माणसाला घरी बसवून काय होते?

समुद्रपूरकर:
घरी यावरून लय वाद झाला म्हणून इथं टाकून राहिलो. ८ जून २०२४ चा मुंबईचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. २७ नंबरच्या धावपट्टीवरून एअर इंडियाचं विमान उडायच्या बेतात होतं अन् त्याच पट्टीवर मागून इंदूरहून आलेलं इंडिगो टेकलं. कोणाला खरचटलंही नाही. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, चौकशी लावली अन् लगेच त्या कंट्रोलरला, म्हणजे टॉवरमधून विमानांना परवानगी देणाऱ्या माणसाला, ड्युटीवरून काढलं, लोकं म्हणे बरं झालं. मला हे पटत नाही. असं पहिल्याच दिवशी माणसाला बाजूला केलं तर पुढच्या वेळी कोण आपणहून सांगेल की माझ्याकडून दोन विमानांतलं अंतर कमी पडलं? ७ जानेवारी २०२२ ला बंगळुरूत इंडिगोची दोन विमानं उडाल्या उडाल्या एकमेकांकडे जाऊन राहिली होती, रडारवरच्या माणसानं पाहून त्यांना वेगळं वळवलं म्हणून वाचली, अन् ती घटना तेव्हा कुठं नोंदवलीच गेली नव्हती. मला धाक याचा वाटते.

वरूडचा संत्रेवाला:
दादा, हे काही पटलं नाई. लाइनमन खांबावर असतानी सबस्टेशनच्या ऑपरेटरनं लाइन चालू केली तं तुम्ही त्याले कामावरच ठेवसान का? तिथं एक जीव असते, इथं एकेका विमानात दीड-दोनशे. चौकशी होईपर्यंत खुर्चीवरून उठवलं तं काय बिघडलं? अन् नोंद केली नाई, हे तं अजून मोठं पाप हाय, त्याले मोकळं सोडायचं कायले?

पुलगावची मास्तरीण:
भाऊ, तुमचाच दाखला घ्या ना. खांबावर चढायच्या आधी लेखी परमिट, मग लाइन बंद, मग अर्थिंग, इतकं सगळं काहून ठेवलं? एका माणसाच्या ध्यानावर जीव टांगायचा नाही म्हणून. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनच्या वर दोन विमानं धडकली, ७१ माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी लेकरं होती. ते आकाश सांभाळणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीच्या झुरिकच्या कंट्रोल रूममध्ये एकटा माणूस दोन स्क्रीन सांभाळून राहिला होता, जोडीदार आराम करायला गेलेला, फोनची मेन लाइन दुरुस्तीसाठी बंद, टक्कर होणार हे आधी सांगणारी सोयही त्या रात्री पूर्ण चालू नव्हती. २००४ मध्ये बायको-लेकरं गमावलेल्या एका बापानं त्या कंट्रोलरला घरी जाऊन मारून टाकलं. अन् २००७ मध्ये कोर्टानं दोषी कोणाला धरलं? त्याच कंपनीच्या चौघांना, त्यातले तिघं मॅनेजर. रात्री एकट्यावर काम सोडायची पद्धत चालू देणारी हीच माणसं. तोवर तो कंट्रोलर तर गेलाच होता.

वरूडचा संत्रेवाला:
ताई, मग दिल्लीजवळ चरखी दादरीले दोन विमानं धडकली त्याचं काय? १२ नोव्हेंबर १९९६, ३४९ माणसं. तिथं कंट्रोलरनं बरोबर सांगितलं होतं, कझाक विमानाले १५ हजार फुटावर थांब म्हणे, ते त्याच्या खाली उतरलं अन् समोरून १४ हजारावर सौदीचं जम्बो येत होतं. चूक कोनाची ते साफ हाय. सगळं सिस्टिमवर ढकललं तं कोनीच जबाबदार राहत नाई.

समुद्रपूरकर:
चूक पायलटची होती, मान्य. पण तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती, पायलट तोंडानं सांगेल ती खरी. जाणाऱ्या अन् येणाऱ्या विमानांना रस्ताही एकच. म्हणजे तो खाली आला हे कंट्रोलरला कळायला मार्गच नव्हता. चौकशीनंतर रस्ते वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार आलं, विमानात टीकॅस, म्हणजे दुसरं विमान जवळ आलं की पायलटला वर जा, खाली ये सांगणारं यंत्र, सक्तीचं झालं. नुसतं कझाक पायलटवर खापर फोडून फाइल बंद केली असती तर यातलं काय झालं असतं?

कपाशीवाला, कळंब:
मी रात्री थ्री फेज लाइट आली की ओलिताले जातो. आमच्या वावरावरून रातभर विमानं जातेत, मोबाइलवर पाह्यतो तं एक मुंबई-कोलकाता अन् दुसरं बंगळुरू-दिल्ली, खालून वाटते आता भिडतेत. पूर्वेकडचं ३५ हजारावर, दुसरं ३६ वर, मधात फक्त हजार फूट. समोरासमोर असले तं सेकंदाले अर्धा किलोमीटर अंतर कमी होते. हे सगळं नागपूरच्या रडारवर बसलेला माणूस पाह्यते. मले विचारायचं होतं, टीकॅस हाय तं मग माणसाची एवढी चिंता काहून?

पुलगावची मास्तरीण:
दादा, वर उंचावर टीकॅस लय कामाचं, कंट्रोलर अन् ते उलटसुलट बोलले तर टीकॅसचंच ऐकायचं, ही ताकीद युबरलिंगननंतर जगभर अजून कडक झाली. पण जमिनीपासून हजार फुटाच्या खाली ते वर जा, खाली ये असं सांगतच नाही. मुंबईच्या पट्टीवर त्याचा काय उपयोग होता? २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला प्रवासी विमान अन् लष्कराचं हेलिकॉप्टर धडकलं, ६७ गेले, तेही असंच कमी उंचीवर. टॉवरमध्ये तेव्हा हेलिकॉप्टर अन् विमानं, दोन्हीचं काम एकाच माणसाकडं दिलेलं होतं. इतकी वर्षं झाली तरी पुन्हा तेच.

समुद्रपूरकर:
हेच म्हणून राहिलो मी. मुंबईत दोन पट्ट्या एकमेकीला कापतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, अन् गर्दीत तासाला चाळीसच्या वर विमानं चढवायची-उतरवायची. इतकी ठासून भरायची हे कंट्रोलर ठरवत नाही. ज्यानं ठरवलं त्याला कोणी विचारलं का?

वरूडचा संत्रेवाला:
विचारा ना, मी कुठं नाई म्हणतो. पण माह्या पोरगा पुण्याहून दिवाळीले विमानानं नागपूरले येते, म्हणून मी तं म्हणेन, चूक झालेला माणूस चौकशीपर्यंत त्या खुर्चीवर नको. पगार कापू नका, बदनामी करू नका, हे मान्य. अन् रात्रीच्या शिफ्टले किती जण होते, सलग किती तास बसले होते, हे रिपोर्टात पहिल्या पानावर छापा.

समुद्रपूरकर:
पगार न कापता, अन् स्वतःहून सांगितलं तर शिक्षा नाही, एवढं लेखी असेल तर त्याला काही दिवस बाजूला बसवायला माझी हरकत नाही. पण मग ज्यानं शिफ्ट लावली तोही त्याच दिवशी चौकशीत पाहिजे.