लीग टेबल अख्खी छापायची की प्लासिबोविरुद्धचे आकडे पुरेत?

कोथरूडकर:
परवा आमच्या विभागात एम.डी.च्या एका प्रबंधावरून चांगलंच वाजलं. विषय बेयेशियन नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक औषधांच्या ट्रायल्स एका जाळ्यात जोडून सगळ्यांची एकमेकांशी तुलना, तीही शक्यतांच्या भाषेत. 10 औषधं आणि प्लासिबो (औषध नसलेली गोळी), म्हणजे 55 जोड्या. विद्यार्थिनीनं प्रत्येक जोडीचा ऑड्स रेशो (दोन गटांतल्या घडण्या-न घडण्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर; 1 म्हणजे फरक नाही) आणि 95 टक्के क्रेडिबल इंटरव्हल (खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता 95 टक्के, तो पट्टा) एकाच पानावर चौकटी-चौकटींत बसवला होता. हेच ते लीग टेबल. लग्नपत्रिकेतली 'आपले विनीत'ची यादीसुद्धा त्यापेक्षा ठळक असते. माझं म्हणणं, मुख्य मजकुरात प्लासिबोविरुद्धचा फॉरेस्ट प्लॉट (प्रत्येक औषधाचा आकडा आणि इंटरव्हल दाखवणारी आकृती) आणि सुक्रा (औषधांच्या क्रमवारीचं माप) द्या, उरलेलं परिशिष्टात टाका. कोण वाचणार ते?

डेक्कनची ओपीडी:
मी वाचणार. समोरच्या पेशंटला मी प्लासिबो देणार आहे का? त्याची एक गोळी चालू आहे, ती बदलून दुसरी द्यावी का, एवढाच माझा प्रश्न. तो त्या दोन गोळ्यांच्या जोडीतच सुटतो. आणि तुमच्या फॉरेस्ट प्लॉटवर दोन इंटरव्हल एकमेकांवर आले की आमचे लोक लगेच 'फरक नाही' म्हणून मोकळे होतात. तसं म्हणता येत नाही हो.

बी-स्टॅटवाली:
अगदी. दोन्ही आकडे प्लासिबोच्या त्याच गटांवर टेकलेले असू शकतात, म्हणून ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. पोस्टिरियरच्या, म्हणजे विश्लेषणातून निघालेल्या शक्यतांच्या वितरणाच्या, प्रत्येक सॅम्पलमध्ये दोन्ही औषधांचे लॉग ऑड्स रेशो सोबतच निघतात. तिथल्या तिथे वजाबाकी करायची, मग मध्यक आणि इंटरव्हल काढायचा. सॉफ्टवेअर हे आयतं देतं, ते कशाला फेकायचं?
छापताना मध्यकच छापा, ऑड्स रेशोची सरासरी नको. मध्यक 0.5 असेल तर उलट्या जोडीचा बरोबर 2 येतो. सरासरीचं तसं जुळत नाही. आणि टेबलाचा वरचा अर्धा भाग म्हणजे खालच्याचाच उलटा, तेव्हा तिथे दुसरा आउटकम बसवा. 2009 मध्ये लॅन्सेटमध्ये 12 अँटिडिप्रेसंटांचं विश्लेषण आलं होतं, 117 ट्रायल्सचं. 66 जोड्या, एका बाजूला परिणामकारकता, दुसऱ्या बाजूला औषध मध्येच सोडण्याचं प्रमाण. एका टेबलात मावलं सगळं.

कोथरूडकर:
मावलं हो, पण वाचलं कसं जातं? 55 चौकटींत 1 ला न शिवणारे इंटरव्हल शोधायचे, ठळक करायचे आणि निष्कर्षात तेवढेच लिहायचे. त्यातल्या कित्येक जोड्यांची समोरासमोर एकही ट्रायल नसते, सगळा पुरावा आडवळणाचा, तिसऱ्याच औषधाशी किंवा प्लासिबोशी केलेल्या तुलनांवरून काढलेला. शिवाय अशी विश्लेषणं कशी मांडावीत हे सांगणाऱ्या 2015 च्या प्रिज्मा विस्तारातच लिहिलंय की जाळं मोठं असेल तर एका ठरावीक तुलनेवर भर देऊन बाकी परिशिष्टात देता येतं.

पेठेतला परीक्षक:
'देता येतं' ही मुभा आहे, आज्ञा नाही. पण माझं भांडण लीग टेबलाशी नाहीच, तुमच्या सुक्राशी आहे. सलांती, एड्स आणि इओनिडिस यांनी 2011 मध्ये मांडलेलं ते माप मुळात क्रमवारीचं. दोन औषधांत फरक किती, हे त्यातून कळत नाही. एखाद्या औषधाची एकच छोटी ट्रायल असते, इंटरव्हल हा भला रुंद, आणि 'पहिला नंबर असण्याची शक्यता' काढली की पुष्कळदा नेमकं तेच वर येतं. मग पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'सर्वोत्तम'! जोड्या परिशिष्टात आणि नंबर मुखपृष्ठावर, हा कुठला न्याय?

बी-स्टॅटवाली:
म्हणूनच माझा आग्रह असा की चौकटीत आणखी एक आकडा द्यावा: हे औषध त्या औषधापेक्षा अमुक इतक्या फरकानं चांगलं असण्याची शक्यता. बेयेशियन पद्धतीत ती थेट मोजता येते, सॅम्पल्स मोजायची फक्त. आणि ज्या जोडीला थेट ट्रायल नाही तिची चौकट करड्या रंगात.

कोथरूडकर:
आणखी एक आकडा?! आधीच भिंग लागतंय. आणि 'अमुक इतका' म्हणजे किती, ते कोण ठरवणार? निकाल बघून ठरवलं तर हवं ते उत्तर काढता येईल.

डेक्कनची ओपीडी:
आम्ही ठरवणार, प्रोटोकॉल लिहितानाच. दहातल्या चार गोळ्या इथे कोणी लिहूनच देत नाही. त्या विश्लेषणात ठेवा, पण मुख्य टेबलातून काढा. सहा औषधं आणि प्लासिबो, 21 जोड्या. भिंग नको आणि सुक्राही नको.

कोथरूडकर:
आणि वगळलेल्या चारपैकीच एखादी सरस निघाली तर?

पेठेतला परीक्षक:
व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मी नेमकं हेच विचारणार आहे. तिला सांगून ठेवा.